समुद्राचं की डोंगराचं?

प्रश्न : मी अष्टमीत राहतो आणि धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. सुट्टीच्या दिवशी जपानी शिकतो. जेएलपीटी परीक्षेची एन-थ्री ही पातळी पार केली, तेव्हा ठरवलं की आता कादंबरी वाचायची. नात्सुमे सोसेकींची 'कोकोरो' इंटरनेटवर 'आओझोरा बुन्को'त फुकट मिळाली. पण एका पानात चाळीसेक शब्द अडतात. प्रत्येक शब्द मोबाइलवर शोधतो, वहीत उतरवतो. पानाला दीड तास लागतो आणि शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. शब्द सोडून पुढे गेलो तर लेखकाची फसवणूक केल्यासारखं वाटतं. न कळलेल्या शब्दांचं करायचं काय?
– एक वाचक, अष्टमी (ता. रोहा)

उत्तर : तुमच्या पत्रातल्या 'फसवणूक' या शब्दापाशी मी थांबले. तिथूनच सुरुवात करू.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' तुम्ही कधीतरी वाचली असेल. माणदेशातल्या धनगरांचे, त्यांच्या मेंढरांचे, तिथल्या दुष्काळाचे सगळे शब्द कोकणातल्या मुलाला कुठून ठाऊक असणार? तरी आपण ती वाचली आणि गाव डोळ्यांपुढे उभं राहिलं. तेव्हा कुणी शब्दकोश उघडला नव्हता आणि माडगूळकरांना फसवल्याची बोचही कुणाला लागली नाही. परकी भाषा हातात आली की मात्र आपल्यातला परीक्षार्थी जागा होतो आणि प्रत्येक शब्दाला गुण आहेत असं त्याला वाटू लागतं. कादंबरीत काही शब्दांवर वाक्य तोललेलं असतं, बाकीचे त्यांच्या सोबतीला आलेले असतात. कुठला कोण हे ओळखणं, एवढाच तुमच्यापुढचा प्रश्न आहे.

जपानीत मात्र एक खरी अडचण आहे. मराठीतला अनोळखी शब्द निदान उच्चारता येतो. तो कानात राहतो आणि तीन पानांनी पुन्हा भेटला की ओळख पटते. कांजीत, म्हणजे चिनी मुळाच्या अक्षरांत, लिहिलेल्या अनोळखी शब्दाचा उच्चारच ठाऊक नसतो, त्यामुळे वाक्याला तिथे भोक पडतं. जपानमध्ये साकाइ कुनिहिदे या प्राध्यापकांनी 'तादोकु' म्हणजे भरपूर वाचण्याची पद्धत रुजवली. तिचे नियम तीन : शब्दकोश उघडायचा नाही, न कळलेलं सोडून पुढे जायचं, पुस्तक जमत नसेल तर ते ठेवून दुसरं घ्यायचं. मुळात हे नियम इंग्रजी शिकणाऱ्या जपान्यांसाठी होते आणि इंग्रजी शब्द चुकतमाकत का होईना, वाचता येतो. जपानी शिकणाऱ्यांसाठीही आज याच पद्धतीची सोपी पुस्तकं निघतात, पण त्यांत कांजीवर उच्चार छापलेला असतो. तुमच्या 'कोकोरो'त तो सगळीकडे नसणार. म्हणून पहिला नियम मी तुम्हाला जसाच्या तसा सांगणार नाही. तिसरा मात्र आजच पाळा.

'कोकोरो' तूर्त बाजूला ठेवा. हू आणि पॉल नेशन या दोघांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. इंग्रजी शिकणाऱ्यांना त्यांनी एकच गोष्ट वाचायला दिली, मात्र काही प्रतींत कमी, काहींत जास्त शब्द काढून तिथे अर्थहीन शब्द घातले. पाचांतला एक शब्द अनोळखी असलेली गोष्ट कुणालाच नीट कळली नाही. मदतीशिवाय वाचायचं तर शंभरातले सुमारे ९८ शब्द ओळखीचे हवेत, असा त्यांचा निष्कर्ष. प्रयोग इंग्रजीवरचा आहे, जपानीला तो आकडा तंतोतंत लावू नका. पण बुन्को, म्हणजे खिशात मावेल अशा आकाराच्या पुस्तकाच्या भरगच्च पानावर साधारण सहाशे अक्षरं मावतात. त्यात चाळीस शब्द अडत असतील तर दर आठ-नऊ शब्दांमागे एक अडतो आहे. तुमची मेहनत कमी पडलेली नाही, पुस्तक दोन वर्षं आधी हातात आलं आहे.

त्याऐवजी कोणतं घ्यावं? जे मराठीत वाचून झालंय असं. तेत्सुको कुरोयानागींची 'तोत्तोचान' आपल्याकडे चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादामुळे घराघरांत पोचलेली आहे. मूळ पुस्तक १९८१चं. प्रकरणं छोटी, वाक्यं बोलल्यासारखी. कोदान्शाच्या 'आओइ तोरि बुन्को' या मुलांच्या मालिकेतली प्रत मिळवलीत तर कांजीवर बारीक अक्षरांत उच्चारही, म्हणजे फुरिगाना, दिलेला असतो. त्यामुळे वर म्हटलेलं भोक पडत नाही. गोष्ट आधीच ठाऊक असल्यानं 'पुढे काय' ही धास्ती नाही आणि अनोळखी शब्दाचा अंदाज बांधायला आधारही मिळतो. ही कादंबरी नव्हे, आठवणी आहेत, हे खरं. वाचनाच्या सरावाला त्यानं काही बिघडत नाही.

या पुस्तकातला डब्याचा प्रसंग आठवतो का? मुख्याध्यापक कोबायाशींनी पालकांना सांगून ठेवलेलं असतं की डब्यात काहीतरी समुद्राचं आणि काहीतरी डोंगराचं द्या. जपानीत 'उमि नो मोनो' आणि 'यामा नो मोनो'. रोह्या-अष्टमीच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. पावसाळा तोंडावर आला की आपल्या बाजारात एकीकडे सुकट नि बोंबील असतात, दुसरीकडे डोंगरातल्या बायकांनी आणलेली शेवळं आणि टाकळा. त्या डब्यांत एकदा 'देन्बु' नावाचा पदार्थ निघतो आणि मुलं अडतात, कारण जपानी असूनही हा शब्द त्यांना उलगडत नाही. पण त्यांना पडलेला प्रश्न बघा. देन्बु कसा करतात, कुठल्या गावचा, यातलं काहीच त्यांना नको आहे. तो समुद्राचा की डोंगराचा, एवढंच हवं आहे.

वाचताना अनोळखी शब्दाला पहिल्यांदा हाच प्रश्न विचारा. हा शब्द कुठल्या टोपलीतला? खाण्याची वस्तू, झाड, कापड, रोग, मनाची अवस्था, चालण्याची ढब? टोपली कळली की बहुतेक वेळा वाक्य पुढे सरकतं. आजी उठून कपाटातून एक वस्त्र काढते आणि पांघरते. त्या वस्त्राचं नाव कळलं नाही तरी आजीला थंडी वाजते आहे हे कळलंच की. पंचवीस पानांनी त्याच वस्त्रात काही लपवलेलं सापडलं, तर तेव्हा शोधा.

टोपली ओळखायला कांजी स्वतःच मदत करते, आणि उच्चार अडवणारी कांजी इथे आपली बाजू घेते. अनेक कांजींचा एक भाग अर्थाचा गट सांगतो, दुसरा पुष्कळदा उच्चाराची खूण देतो. डावीकडे पाण्याचे तीन थेंब, म्हणजे सान्झुइ, दिसले की पाण्याशी संबंध. झाड, म्हणजे किहेन, दिसलं की वृक्ष किंवा लाकडाची वस्तू. माथ्यावर गवताची खूण असेल तर वनस्पती. आणि डावीकडे मासा असेल तर बहुधा मासाच. माशाशेजारी 'दुबळा' या अर्थाची कांजी आली की इवाशि, आपल्या तारलीच्या कुळातला. माशाशेजारी निळा रंग आला की साबा, बांगड्याचा भाऊबंद. कुंडलिका नदीच्या काठच्या माणसाला मासा ओळखू आला, पुढचं नाव नाही आलं, तर तेवढ्यानं पान अडत नाही. जपानच्या शासकीय यादीत रोजच्या वापराच्या २१३६ कांजी आहेत. त्या सगळ्या पाठ होईपर्यंत कादंबरीला हात लावायचा नाही असं ठरवलंत, तर कादंबरी राहूनच जाईल.

ज्यांच्याजवळ शब्दकोशच नव्हता, अशा वाचकांची एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. १७७१ साली एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, सुगिता गेन्पाकु आणि माएनो र्‍योताकु हे वैद्य एक शवविच्छेदन बघायला गेले. सोबत शरीररचनेचं एक डच पुस्तक होतं. त्यातली चित्रं समोरच्या देहाशी तंतोतंत जुळलेली बघून ते थक्क झाले आणि दुसऱ्याच दिवशी पुस्तक वाचायला बसले. र्‍योताकुला काहीशे डच शब्द येत होते, गेन्पाकुला मुळाक्षरंही धड येत नव्हती. महिन्यात सहा-सात वेळा ही मंडळी जमत. जो शब्द सुटत नसे, त्यावर ते वर्तुळात फुली असलेली खूण करत आणि पुढे जात. सुरुवातीची पानं अशा खुणांनी भरून गेली. १७७४ साली त्यातूनच 'काइताइ शिन्शो' हा ग्रंथ निघाला.

ऐंशी ओलांडल्यावर गेन्पाकुनं आठवणी लिहिल्या. त्यांत तो नाकाच्या वर्णनातला एक शब्द सांगतो, 'फुरुहेह्हेन्दो'. एका टिपणात त्यांना दोन वापर सापडले : फांदी छाटली की तिथे फुरुहेह्हेन्दो होतं, अंगण झाडलं की केरमाती गोळा होऊन फुरुहेह्हेन्दो होतं. छाटलेली फांदी भरून आली की फुगवटा येतो, केराचा ढीग होतो, नाक चेहऱ्यावर उंच. म्हणजे 'उंचवटा'! त्या क्षणाचा आनंद म्हाताऱ्या गेन्पाकुला चार दशकांनंतरही आवरत नाही. नंतरच्या अभ्यासकांना मूळ डच पुस्तकात नाकाच्या जागी तो शब्द सापडला नाही, म्हणजे आठवणीनं थोडा दगा दिला असावा. पण शब्द दोन-तीन ठिकाणी भेटू द्यायचा आणि त्या जागा एकमेकींशेजारी ठेवून अर्थ काढायचा, ही रीत खरी आहे आणि आजही चालते.

तेव्हा असं करा. पेन्सिल घ्या. एक प्रकरण एका बैठकीत, मोबाइल दूर ठेवून वाचा. दिवा-रोहा गाडीत बसलात तर फारच छान. अनोळखी शब्दावर खूण करा आणि पुढे जा. प्रकरण संपलं की खुणा बघा. जो शब्द तिसऱ्यांदा आलाय तो शोधा. ज्याच्यावाचून कोण कुणाला काय म्हणालं हेच कळत नाही, तो शोधा. जपानीत हा शब्द पुष्कळदा वाक्याच्या शेवटचं क्रियापद असतो आणि नकारही तिथेच दडलेला असतो. आणि जो उगाचच आवडला, तोही शोधा, कारण आवडलेला शब्द वहीत न लिहिताही राहतो. प्रकरणामागे पाच-सहा शब्द पुष्कळ झाले. माणसांच्या नावांची गोष्ट वेगळी. नावाच्या कांजीचा उच्चार पुस्तकात बहुतेकदा पहिल्यांदाच दिलेला असतो, तो लगेच वाचनखुणेच्या कागदावर टिपून ठेवा.

आता मला सगळ्यांत कळकळीनं सांगायचं आहे ते. तुमच्या मोबाइलमधला कोश जपानी-इंग्रजी असणार, बहुतेकांचा तोच असतो. अर्थ इंग्रजीत बघितलात तरी तिथे थांबू नका, एक पाऊल टाकून मराठीत या. जपानीत 'मिरु' म्हणजे बघणे आणि 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणे. 'ओकु' म्हणजे ठेवणे आणि 'काइते ओकु' म्हणजे लिहून ठेवणे. 'मोत्ते कुरु' म्हणजे घेऊन येणे, 'मोत्ते इकु' म्हणजे घेऊन जाणे. 'वासुरेते शिमात्ता' म्हणजे विसरूनच गेलो. इंग्रजीतून शिकणाऱ्याला यासाठी नियमांची पानंच्या पानं लागतात, तुम्ही हे आईच्या मांडीवर शिकलेले आहात. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, हेही तुम्हाला नवं नाही.

नादाच्या शब्दांचं तर विचारूच नका. जपानी कादंबरी त्यांनी भरलेली असते आणि इंग्रजी कोश तिथे एकेका शब्दाला अख्खं वाक्य खर्च करतो. 'दोकिदोकि' म्हणजे छातीतली धडधड. 'हिसोहिसो' म्हणजे कुजबुज. 'गुरुगुरु' म्हणजे गरगर. 'गोरोगोरो' ढगांची गडगड. 'पोत्सुपोत्सु' म्हणजे पहिले टपटप थेंब, 'शितोशितो' म्हणजे शांत रिमझिम आणि 'झाझा' म्हणजे आपल्याकडच्या जुलैतला धो धो. पावसाचे इतके प्रकार अंगावर घेतलेल्या माणसानं ते इंग्रजीतून का समजून घ्यावेत? मला तर वाटतं, तुमच्या चाळीस शब्दांतले काही केवळ इंग्रजीच्या वाटेनं गेल्यामुळे अवघड झाले असतील.

तुमच्या कादंबरीचं नावच घ्या. 'कोकोरो'ला इंग्रजी कोश हृदय म्हणेल, बुद्धी म्हणेल, आत्माही म्हणेल, आणि वाचणारा गोंधळेल. आपण 'मन' म्हणतो. मनात येणं, मन न लागणं, मन मोठं असणं, या सगळ्यांत वावरणारा आपला एक शब्द त्या नावाच्या किती जवळ जातो! 'कोकोरो'कडे तुम्ही परत या, नक्की या. १९१४ साली ती 'आसाहि शिम्बुन' या वृत्तपत्रात ११० भागांत येत होती. तेव्हाच्या वाचकाला एका दिवशी एकच भाग मिळायचा. तुम्हीही तेवढाच घ्या.

वहीबद्दल. सुटे शब्द उतरवणं बंद करा. शोधलेला शब्द ज्या वाक्यात भेटला ते अख्खं वाक्य लिहा, शेजारी मराठी. इंग्रजी लिहायची गरज नाही.

आणि 'तोत्तोचान' हातात आली की देन्बुच्या पानावर शब्दकोश उघडू नका. मुलांसारखे थोडा वेळ अडून राहा. देन्बु समुद्रातून डब्यात कसा येतो, हे मुख्याध्यापक लगेच पुढे स्वतःच सांगतात.