जब्दीचे काय झाले?



आजच्या शुभवर्तमानात (मार्क १:१४-२०) प्रभू येशू सरोवराच्या काठावर चार कोळ्यांना हाक मारतो. शिमोन, आंद्रेया, याकोब आणि योहान यांच्याविषयी आपण वारंवार ऐकतो. त्याच प्रसंगातल्या पाचव्या माणसाविषयी मात्र प्रवचनात क्वचितच कोणी बोलते. त्याचे दोन मुलगे उठून चालू लागतात आणि तो होडीतच राहतो. त्याचे नाव जब्दी. आज त्याच्या आयुष्याची आठवण करू या.

मार्क जाता जाता एक बारीक तपशील देतो. मुलगे गेले तेव्हा होडीत जब्दीसोबत मजुरीची माणसे होती. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या भाषेत जब्दी हा नाखवा होता. होडी त्याची, जाळी त्याची आणि खलाशांची मजुरी चुकती करण्याची जबाबदारीही त्याचीच. लूक (५:१०) सांगतो की, याकोब व योहान हे शिमोनाचे भागीदार होते. प्रेषित म्हणजे अगदी कफल्लक कोळी, असे चित्र आपण रंगवतो. ते अर्धेच खरे आहे.

गालील सरोवर सुमारे २१ किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त १३ किलोमीटर रुंद. त्याच्या उत्तर काठावर कफर्णहूम. तिथे जकातनाका होता; लेवी बसत असे तोच. म्हणजे धंदा म्हटला की कर आलाच. जाळी तागाच्या सुताची. ती रोज धुवून वाळवावी लागत, नाही तर कुजत. ज्या माशाला पर व खवले नाहीत तो मोशेच्या नियमाप्रमाणे खाण्यास निषिद्ध, म्हणून किनाऱ्याला लागल्यावर मासळी निवडत बसायचे. उरलेली खारवायची. जवळच्या मग्दलाचे ग्रीक नावसुद्धा खारवलेल्या मासळीवरूनच पडले, असे मानले जाते.

१९८६ साली दुष्काळामुळे सरोवराचे पाणी ओसरले, तेव्हा गिनोसरजवळच्या चिखलात त्या काळातली एक होडी सापडली. लांबी सुमारे ८ मीटर, रुंदी सव्वादोन मीटरच्या आसपास. तिथल्या संग्रहालयात ती जपून ठेवली आहे. यात्रेकरूंना ती ‘येशूची होडी’ म्हणून दाखवतात. त्याला काही पुरावा नाही. पण तिच्यात दहा-बारा प्रकारची लाकडे आहेत. जुन्या होड्यांच्या फळ्या काढून पुन्हा बसवलेल्या! ज्याने अशी ठिगळे लावून होडी चालवली तो श्रीमंत नसणार आणि आळशी तर नाहीच नाही. जब्दी आम्हांला असाच दिसतो.

अशा माणसाचे दोन्ही कर्ते मुलगे एकाच सकाळी गेले. जब्दी काय म्हणाला? शुभवर्तमान गप्प आहे. तर्कशास्त्राचा साधा नियम असा की, मौनावरून काही सिद्ध होत नाही. म्हणून त्याने आनंदाने निरोप दिला असे आपण म्हणू नये, तो रागावला असेही म्हणू नये. इतके मात्र दिसते की, कोणी त्यांना अडवल्याची नोंद नाही.

पुढे त्याची बायकोही येशूमागे गेलेली दिसते. मुलांसाठी मानाची जागा मागणारी तीच (मत्तय २०:२०) आणि क्रुसाजवळ दुरून पाहत उभ्या असलेल्या स्त्रियांमध्येही तीच (मत्तय २७:५६). मत्तय तिला ‘जब्दीच्या मुलांची आई’ म्हणतो, ‘जब्दीची बायको’ म्हणत नाही. तोवर जब्दी वारला होता, असा तर्क काही अभ्यासक करतात. तो जिवंत असेल, तर घर रिकामे झाले होते.

आता मार्क १०:२९-३० काढून पाहा. घर, भाऊ, बहीण, आई, बाप, मुले, शेते ज्याने सोडली त्याला शंभरपट मिळेल, असे अभिवचन प्रभू देतो. पण काय मिळेल ते सांगताना घरे येतात, भाऊ-बहिणी येतात, आया येतात, मुले व शेते येतात. बाप येत नाही. स्वर्गातील पिता एकच, म्हणून दुसरा बाप त्या यादीत नाही, असे स्पष्टीकरण देतात आणि ते पटण्यासारखे आहे. तरी होडीतल्या बापाला ते ऐकताना काय वाटले असते?

हा प्रश्न आपल्या वसई-उत्तनच्या किनाऱ्याला परका नाही. मुलगी मठात, मुलगा आखातात किंवा बोटीवर. आणि म्हातारा सकाळी उठून दुकानाची फळी उघडतो, नाही तर अंगणात जाळे शिवत बसतो. गुरुदीक्षेच्या दिवशी आपण नव्या फादरांना हार घालतो. ज्याने मजुरी, हप्ता आणि फी एकाच कमाईतून भागवली, त्याच्या पाचारणाविषयी आपण बोलत नाही. आमच्या मते जब्दीलाही पाचारण होते. ते होडीतच राहण्याचे होते.

प्रभूच्या पुनरुत्थानानंतर शिष्य पुन्हा सरोवरावर जातात (योहान २१). पेत्र म्हणतो, मासे धरायला जातो, आणि होडी तयार असते. जाळे तयार असते. १५३ मोठे मासे येऊनही ते फाटत नाही. होडी कोणाची, हे योहान सांगत नाही. पण मधल्या काळात कोणीतरी ती दुरुस्त ठेवली होती, जाळे धुतले होते, वाळवले होते. त्या सकाळी हजर असलेल्यांमध्ये याकोब व योहान यांची नावेही योहान देत नाही. ‘जब्दीचे मुलगे’ एवढेच लिहितो.

या आठवड्यात घरच्या प्रार्थनेत मार्क १:१४-२० आणि योहान २१:१-१४ हे दोन्ही उतारे एकापाठोपाठ वाचावेत. घरात वडीलधारे असतील तर त्यांच्याकडूनच वाचून घ्यावेत, आणि त्यांचा धंदा त्यांनी कसा सुरू केला हे मुलांसमोर त्यांना विचारावे.