फोटोंची यादी सांगकाम्याकडे द्या, पण किती?

कॅटलॉगच्या व्हिडिओत विकिपीडियाच्या बॉटचा विषय मी दोन मिनिटांत उरकला. तो इथे नीट लिहितो, कारण फुकटात शिकायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

मराठी विकिपीडियावर बॉटला छान शब्द आहे, सांगकाम्या. सांगितलं तेवढंच करणार, न थकता करणार, आणि चुकीचं सांगितलं तर तेही तितक्याच इमानदारीने करणार.

आपल्या वसईच्या किल्ल्याचं बघा. 'विकी लव्हज मॉन्युमेंट्स' ही वारसा-वास्तूंची फोटोस्पर्धा 2010 मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाली, 2012 मध्ये भारत त्यात उतरला. लोक फोटो काढून विकिमीडिया कॉमन्सवर टाकतात. संरक्षित वास्तूंच्या यादीत प्रत्येक वास्तूला एक क्रमांक असतो आणि फोटो टाकणाऱ्याने तोच क्रमांक फोटोलाही द्यायचा असतो. जुळणी फोटोच्या फाइलच्या नावावरून नाही, क्रमांकावरून होते, म्हणून क्रमांक बरोबर पाहिजे.

आता बॉट. एर्फगुडबॉट नावाचा एक आहे ('एर्फगुड' म्हणजे डच भाषेत वारसा). तो याद्या वाचतो, कॉमन्सवरच्या फोटोंचे क्रमांक जुळवतो आणि सांगतो: या वास्तूच्या ओळीत फोटो नाही, पण हे फोटो पडून आहेत. कुठला लावायचा ते माणूस ठरवतो.

लिस्टेरियाबॉटचं वेगळं. तो विकिडेटावरून माहिती उचलून फोटोसकट अख्खी यादी स्वतः लिहितो. तुम्ही त्या यादीत हाताने दुरुस्ती केलीत? पुढच्या फेरीत गेली. दुरुस्ती मूळ जागी, म्हणजे विकिडेटावरच करायची. तिसरा कॉमन्सडीलिंकर. कॉमन्सवरून फोटो काढून टाकला गेला की तो जिथे जिथे वापरला होता तिथून त्याचं नाव हा पुसतो.

आता समजा, कुणी अर्नाळ्याच्या किल्ल्याचा फोटो टाकला आणि क्रमांक वसईच्या किल्ल्याचा दिला. बॉटला बुरूज ओळखता येत नाही. तो फोटो वसईखालीच सुचवणार. पहिल्या प्रकारात निदान माणूस मधे उभा आहे. बॉट स्वतः लिहिणारा असेल तर चूक थेट पानावर.

हे तुमच्या धंद्याला कसं लागू? समजा नालासोपाऱ्यात तुमचं इमिटेशन दागिन्यांचं काम आहे, तीनशे डिझाइन. फोटो एक आणि माल दुसरा गेला की पार्सल परत येतं, दोन्ही वेळचं भाडं तुमच्या खिशातून, आणि ते गिऱ्हाईक परत येईलच असं नाही. म्हणून प्रत्येक डिझाइनला एक नंबर, तोच फोटोच्या नावात, तोच डब्यावर. मूळ शीट एकच. व्हॉट्सॲप कॅटलॉगमध्ये थेट खाडाखोड करायची नाही, शीटमध्ये करायची.

मग बॉटला काय द्यायचं? फोटो नसलेल्या ओळी शोधणं, नंबर नसलेले फोटो वेगळे काढणं, हे बिनधास्त द्या. संपलेला माल यादीतून काढणंही द्या, पण साठ्याचा आकडा रोज भरत असाल तरच. नवा फोटो लावणं मात्र स्वतःकडे ठेवा. विकिपीडियावरही बॉटला वेगळं खातं आणि परवानगी लागते, म्हणजे कुठला बदल कुणी केला ते दिसतं. तुम्हीही बॉटने केलेल्या बदलांसाठी शीटमध्ये वेगळा रकाना ठेवा.

जाता जाता: कॉमन्सवरचा किल्ल्याचा फोटो पाकिटावर छापायचाय? धंद्यासाठी वापरता येतो, पण परवान्यात लिहिलं असेल तसं फोटोग्राफरचं नाव आणि परवाना द्यावा लागतो. फोटोखाली वाचा, मगच प्रिंटरकडे जा.

आज रात्री दुकान बंद केल्यावर फक्त वीस डिझाइन घ्या. नंबर द्या, फोटोंची नावं बदला, शीटमध्ये भरा. बॉट नंतर. या विसात किती फोटोंना डबाच सापडत नाही ते आधी मोजा.