क्लारा शूमान : तालीम आणि तिची मालकी

मैफलीला बसलेला श्रोता कलावंताचे तयार रूप पाहतो. त्यामागची तालीम कोणी दिली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे प्रश्न त्याच्या मनात सहसा येत नाहीत. जर्मन पियानोवादिका क्लारा शूमान हिचे चरित्र अभ्यासताना मला मात्र हेच प्रश्न महत्त्वाचे वाटले.

घडण

क्लाराचा जन्म १३ सप्टेंबर १८१९ रोजी लाइपझिग येथे झाला. वडील फ्रीडरिश वीक हे पियानोचे नामांकित शिक्षक. क्लारा पाच वर्षांची झाली त्या सुमारास आईबाप विभक्त झाले आणि तत्कालीन कायद्यानुसार तिचा ताबा वडिलांकडे गेला. चार वर्षांची होईतो ही मुलगी जवळजवळ बोलतच नव्हती. वीक यांनी तिला आधी कानाने शिकवले, स्वरलिपी मागाहून. रोज एक तास शिकवणी, सुमारे दोन तास सराव आणि मोकळ्या हवेत लांब फेरफटका, असा क्रम असे. जोडीला गायन, स्वरसंवादशास्त्र आणि रचनाशास्त्र होतेच. केवळ बोटे पळवणारा वादक त्यांना नको होता. पियानो गायला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

या पद्धतीचे फळ लवकर दिसले. १८२८ साली, नऊ वर्षांची असताना, ती गेवांडहाउस सभागृहात प्रथम वाजवली. १८३५ मध्ये तिथेच तिने स्वतः रचलेला कन्चेर्टो सादर केला. वाद्यवृंदाचे संचालन मेंडेल्सोनकडे होते. १८३८ मध्ये व्हिएन्नाच्या दरबाराने तिचा सन्मान केला. समोर स्वरलिपी न ठेवता वाजवण्याचा प्रघात रूढ करणाऱ्यांत तिची गणना होते. त्या काळी अनेकांना तो उद्धटपणा वाटे!

मालकीचा प्रश्न

पण या यशाला एक दुसरी बाजू आहे. क्लाराची रोजनिशी सुरुवातीची अनेक वर्षे वडीलच लिहीत, आणि तीही ‘मी’ म्हणून, जणू मुलगीच बोलते आहे. ही एक गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. पुढे वीक यांचा शिष्य आणि संगीतरचनाकार रॉबर्ट शूमान याच्याशी विवाह करण्याचे तिने ठरवले, तेव्हा वीक यांनी कडाडून विरोध केला. तिच्या मैफलींच्या कमाईवरचा हक्कही ते सोडेनात. प्रकरण न्यायालयात गेले. निकाल तिच्या बाजूने लागला आणि १२ सप्टेंबर १८४०ला, एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, विवाह झाला.

संसारात अडचण निराळी होती. पती रचना करीत असताना दुसरा पियानो वाजवणे अशक्य, म्हणून तिचा सराव मागे पडे. आठ अपत्ये झाली. १८५४ मध्ये रॉबर्ट मनोरुग्णालयात गेला आणि १८५६ मध्ये वारला. मित्रांनी मदत देऊ केली, पण तिला दानावर जगायचे नव्हते. १८५४च्या शरद ऋतूतच तिने पुन्हा दौरे सुरू केले. वडिलांनी दिलेली तालीम आता मुलांचे पोट भरू लागली.

या काळात तिचे कार्यक्रमही पालटले. लहानपणीच्या चमकदार कसरतींची जागा बाख, बेटहोफन, शोपाँ, रॉबर्ट शूमान आणि ब्राम्स यांनी घेतली. आज आपण जिला गंभीर पियानोमैफल म्हणतो, तिची रूपरेषा घडवण्यात तिचा मोठा वाटा आहे. तिच्या सुमारे १३०० कार्यक्रमपत्रिका जपून राहिल्या आहेत. शेवटची जाहीर मैफल १८९१ मध्ये झाली.

पुढची पिढी

१८७८ ते १८९२ ती फ्रँकफुर्टच्या होख संगीतविद्यालयात शिकवीत होती. बोटे उंचावरून आपटायची नाहीत, पट्टीजवळ ठेवून दाबायची, हा तिचा धडा असे. फॅनी डेव्हिस, अडेलिना दे लारा या शिष्यांची ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. तिचे स्वतःचे वादन मात्र आपल्याला ऐकता येत नाही. २० मे १८९६ रोजी ती निवर्तली.

समारोप

१८४३ मध्ये बापलेकीत समेट झाला, आणि वडिलांच्या शिकवण्याचे श्रेय क्लाराने कधीच नाकारले नाही. आपल्याकडेही गुरूचे ऋण मानण्याची थोर परंपरा आहे. परंतु ऋण मानणे वेगळे आणि मालकी मानणे वेगळे. क्लाराने पहिले आयुष्यभर केले. दुसरे मात्र तिने न्यायालयात जाऊन नाकारले. शिकणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनीही हा भेद ध्यानी ठेवावा, असे मला वाटते.