पहिली घागर

साक्री,
चैत्र महिना

चि. प्रशांत यास,


दाजींची गंधमुक्ती झाली, पाव्हणे पांगले, तूही पुण्याला परतलास. दहाव्याला कान नदीवर जे करायचं ते तू नीट केलंस. आता सांगतोय ते तुझ्या आईबद्दल. वर्षभराचा दुखवटा म्हणजे घरच्या बाईनं मागच्या खोलीत बसायचं, असं आपल्याकडे ठरून गेलंय. ते तू मोडायचंस. ताईचा भाऊ म्हणून हक्कानं सांगतो.

त्या दिवशी भाऊबंदकीतल्या म्हाताऱ्या बांगड्या फोडायला पुढे सरकल्या, तेव्हा तुझी बहीण आडवी आली. आईची दोन्ही मनगटं तिनं पदराखाली घट्ट धरून ठेवली. पोरीचं बरोबरच होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींसाठी परिपत्रक काढलं. पण परिपत्रक कपाटात राहतं. ओट्यावर बायकांची नजर चालते. ताईनं कपाळाला काय लावायचं ते तिलाच ठरवू दे. पुसायचा धाक नको, तसा लावायचा आग्रहही नको.

आता अक्षय्य तृतीयेची आखाजी येईल. दाजींच्या नावाची ही पहिली घागर. पाण्यानं भरलेली घागर, तिच्यावर डांगर, पुढे पुरणपोळी, आमरस, सांजोरी, कुरडई. मग निखाऱ्यावर तुपाची आगारी. भाऊबंदांतला एखादा पितर म्हणून जेवायला बसेल. पूजेला तू बसशील, तर ताईलाही शेजारी बसव आणि आगारी तिच्या हातून टाकव. ज्याच्यासाठी घागर भरायची त्याच्यासोबत तिनं संसार केलाय. तिनं नुसतं पोळ्या लाटायला चुलीपाशी का राहावं? कोणी कुरकुरलं तर माझं नाव सांग.

कर्ज काढून वर्षश्राद्धाला गावजेवण घालू नकोस. तेवढ्या पैशात आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन होईल.

शेवटचं, जमिनीचं. मृत्यूची नोंद झालीच आहे. वारसाची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यायची असते. 1956 च्या वारसा कायद्यानं बायको, मुलगा, मुलगी तिघेही वारस. सातबाऱ्यावर तिघांची नावं लागू देत. बहीण आखाजीला माहेरी येईल, तेव्हा हक्कसोडीचा कागद तिच्यापुढे सरकवू नकोस. दुःखात माणूस न वाचता सही करतं, म्हणूनच ती तेव्हा मागू नये.

रजा आदल्या दिवसापासूनची टाक. घागर आणि डांगर मी बाजारातून आणून ठेवतो. सांजोऱ्यांना तुझी मामी येईल. तू बहिणीला आणि जावईबापूंना रीतसर फोन करून बोलाव.

तुझा,
मामा