वादळी समुद्रावर निघण्यापूर्वी : एक आदर्श पाठ

इयत्ता : चौथी

हेतू : प्रवासातील यश निघण्यापूर्वीच्या विचारावर फार अवलंबून असते, हे मुलांना प्रत्यक्ष उदाहरणाने पटवून देणे.

साहित्य : जगाचा नकाशा, पाण्याची परात, काडीची डोलकाठी लावलेली लाकडी होडी, खडे, दोरा.

विषयप्रवेश : "नदीला पूर आला असता नावाडी नाव का सोडीत नाही? सोडणे भागच पडले, तर आधी काय पाहील?" असे विचारून उत्तरे फळ्यावर लिहावीत.

विषयविवेचन : दक्षिण ध्रुवाकडे निघालेले 'एन्ड्युरन्स' जहाज बर्फाच्या दाबाने चिरडून १९१५ च्या नोव्हेंबरात बुडाले. शॅकल्टन व त्याचे २७ सहकारी १९१६ च्या एप्रिलात निर्जन एलिफंट बेटावर पोचले. तेथे साहाय्य येण्याची आशा नव्हती. ते सुमारे १,३०० किलोमीटर दूर, साउथ जॉर्जिया बेटावर होते. जवळ होती 'जेम्स केअर्ड' ही सुमारे सात मीटर लांबीची होडी.

सुतार मॅक्निश याने तिची केलेली तयारी शिक्षकांनी एकेक करून सांगावी व प्रत्येक उपायामागील धोका मुलांनाच शोधू द्यावा. लाटा आत येऊ नयेत म्हणून बाजू उंच केल्या. घसरगाडीच्या पट्ट्या व पेट्यांची झाकणे यांवर कॅनव्हास ताणून वरचा भाग झाकला. कॅनव्हास गोठलेला असल्याने तो चुलीवर ऊन करून शिवावा लागला. होडीचा कणा मोडू नये म्हणून दुसऱ्या होडीची डोलकाठी आतून बांधली. फळ्यांच्या सांधी दिव्याची वात, तैलरंग व सीलचे रक्त यांनी बुजविल्या. होडी उलटू नये म्हणून तळाशी दगड भरले. चार आठवड्यांचे अन्न घेतले.

२४ एप्रिलला सहा जण निघाले. होडीवर चढविताना पाण्याच्या एका पिंपास इजा होऊन त्यात खारे पाणी शिरले. पुढे तहानेने हाल झाले. होडीवर गोठलेले बर्फ फोडीत राहावे लागले. १० मे रोजी ते किनाऱ्यास लागले. मागे राहिलेले २२ जणही ३० ऑगस्टला सुखरूप सुटले.

प्रयोग : प्रथम डोलकाठीच्या टोकाला खडा बांधून परातीतील पाणी हलवावे, नंतर तोच खडा तळाशी ठेवावा. होडी केव्हा कलंडते, हे मुलांनी सांगावे.

संकलन : कोणती तयारी निघण्यापूर्वी पुरी झाली? कोणती वाटेतही चालू ठेवावी लागली?

उपयोजन : किनाऱ्यावरील शाळांनी नारळी पौर्णिमेपूर्वी होड्यांची डागडुजी मुलांस दाखवावी. इतरत्र नावाड्यास शाळेत बोलावावे.