शाळेचा पट आणि फुटबॉलचे विजेतेपद

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो खेळ भारतीय वाचकाच्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. त्यातील चेंडू लंबगोल असतो. तो हातात धरून पळता येते, तसाच तो फेकताही येतो. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याने चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकावयाचे असते. ते साधले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. मैदानावर एका वेळी प्रत्येक बाजूचे अकराच खेळाडू असतात हे खरे. परंतु मोठ्या शाळेत चढाई करणारे अकरा वेगळे आणि बचाव करणारे अकरा वेगळे असतात, शिवाय त्यांच्या पाठीमागे बदली खेळाडूंची रांग असते. लहान शाळेत तेच अकरा जण दोन्ही कामे करतात. धडका देण्याच्या आणि घेण्याच्या या खेळात अखेरच्या पंधरा मिनिटांत याचा काय परिणाम होतो, हे सांगावयास नको.

कुस्तीत हलक्या मल्लाची गाठ जड मल्लाशी पडू नये म्हणून वजनगट असतात. भारतातील शालेय क्रीडास्पर्धांत वयोगट असतात. मल्लाला तराजूवर उभे करता येते, मुलाचे वय जन्मदाखल्यावरून कळते. परंतु शाळा कशावर तोलावयाची? अमेरिकेच्या टेक्सास राज्याने या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांहून अधिक काळ एकाच वस्तूत शोधले आहे, आणि ती म्हणजे हजेरीपट. या उत्तराचा इतिहास पाहिला, तर संख्येने काय मोजता येते आणि काय निसटून जाते, याची चांगली कल्पना येते.

टेक्सासमधील आंतरशालेय स्पर्धांचे नियमन करणारी संस्था युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग ही टेक्सास विद्यापीठाच्या छत्राखाली १९१० मध्ये स्थापन झाली. तिचा आरंभ फुटबॉलने नव्हे, तर वादविवादाच्या स्पर्धांनी झाला, ही गोष्ट आज अनेकांना नवलाची वाटेल. फुटबॉलचे राज्य-विजेतेपद तिच्या आधिपत्याखाली प्रथम १९२० च्या हंगामात ठरविले गेले. अथवा खरे म्हणजे ठरलेच नाही. ह्यूस्टन हाइट्स आणि क्लीबर्न या दोन शाळांमधील अंतिम सामना शून्य-शून्य असा बरोबरीत सुटला आणि दोघींनाही विजेते मानण्यात आले. विजेता एकच असावा ही इच्छा आणि तो ठरविण्याची साधने अपुरी असणे, ही अडचण अशी पहिल्याच वर्षी उभी राहिली.

शाळांची संख्या वाढू लागली तशी त्यांची श्रेणींत विभागणी झाली. १९८० मध्ये श्रेणी पाच झाल्या, २०१४ मध्ये सहा. सर्वांत लहान शाळांची ‘१ए’ आणि सर्वांत मोठ्यांची ‘६ए’. दर दोन वर्षांनी, सम सालाच्या आरंभी, लीग ही विभागणी नव्याने करते. तिचा आधार असतो तो आधीच्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस ठरलेल्या एका दिवशी नववी ते बारावीच्या वर्गांत नोंदलेल्या मुलामुलींची संख्या. मुलींचीही गणना होते, आणि फुटबॉलकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या मुलांचीही. २०२४ च्या फेरवर्गवारीत सुमारे १०५ विद्यार्थ्यांपर्यंतची शाळा १ए मध्ये राहिली, तर ६ए चा उंबरठा २,२७५ वर होता. या सीमारेषांवरील शाळांच्या दृष्टीने चार-सहा कुटुंबांनी गाव सोडणे किंवा गावात येणे ही निव्वळ लोकसंख्येची बाब राहत नाही. रेषेच्या खाली राहिलेली शाळा आपल्या श्रेणीत सर्वांत मोठी ठरते, रेषेच्या वर गेलेली सर्वांत लहान. त्या एका दिवसाच्या हजेरीवर पुढील दोन हंगामांचे भवितव्य ठरते.

मात्र हजेरीपटाचा हा निकष दीर्घकाळ सर्वांना लागू नव्हता. लीगचे सदस्यत्व केवळ गोऱ्या मुलांच्या सार्वजनिक शाळांपुरते मर्यादित होते. कृष्णवर्णीयांच्या शाळांनी १९२० पासून आपली स्वतंत्र संघटना उभारली. ती पुढे प्रेअरी व्ह्यू इंटरस्कोलॅस्टिक लीग या नावाने ओळखली गेली. तिचे सामने पुष्कळदा बुधवारी किंवा गुरुवारी रात्री होत, कारण शुक्रवारी तेच मैदान गोऱ्या शाळांसाठी राखलेले असे. पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये कीर्ती मिळविणारे जो ग्रीन, बब्बा स्मिथ आणि केन ह्यूस्टन हे खेळाडू या शाळांतूनच घडले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात या शाळा मोठ्या लीगमध्ये सामील होऊ लागल्या आणि १९७० मध्ये जुनी संघटना संपुष्टात आली. हा न्याय विलंबाने का होईना झाला. पण एकीकरणाच्या ओघात अनेक कृष्णवर्णीय शाळा बंद करण्यात आल्या, त्यांची नावे, रंग आणि विजयचिन्हे नाहीशी झाली, आणि नामांकित प्रशिक्षकांना अन्यत्र साहाय्यकाची जागा पत्करावी लागली. १९७० पूर्वीचे कोणतेही ‘राज्य-विजेतेपद’ वाचताना हे ध्यानात ठेवणे इष्ट होय.

श्रेणीच्या तळाशी असलेल्या शाळांचा प्रश्न निराळाच होता. ज्या शाळेत मुलेच तीस-चाळीस, तिने अकरांचा संघ कोठून आणावा? याचे उत्तर टेक्सासमध्ये नव्हे, तर नेब्रास्का राज्यात सापडले. तेथील चेस्टर या गावातील शिक्षक स्टीफन एप्लर यांनी १९३४ मध्ये सहा खेळाडूंचा फुटबॉल योजला. त्या वर्षाच्या सप्टेंबरमध्ये हेब्रन येथे झालेला पहिला सामना १९-१९ असा बरोबरीत सुटला. दोन्ही संघ दोन-दोन शाळांनी मिळून बनविले होते, इतकी मुलांची चणचण होती. टेक्सासच्या लीगने हा खेळ १९३८ मध्ये स्वीकारला. त्याचे मैदान शंभराऐवजी ८० यार्ड लांब आणि ४० यार्ड रुंद असते, चार प्रयत्नांत दहाऐवजी पंधरा यार्ड जावे लागते, आणि मध्यंतरानंतर एका संघाची आघाडी पंचेचाळीस गुणांची झाली की सामना तेथेच थांबवितात. या अखेरच्या नियमातील दयाबुद्धी प्रशंसनीय आहे. तथापि सहांच्या फुटबॉलला राज्य-विजेतेपद मिळाले ते १९७२ मध्ये, म्हणजे खेळ स्वीकारल्यानंतर चौतीस वर्षांनी. तोवर या शाळांची मजल आपल्या प्रदेशापुरतीच असे. आज रिचलंड स्प्रिंग्जसारख्या काही शेकडा वस्तीच्या गावाचे नाव राज्यभर ओळखले जाते, ते तेथील शाळेने २००४ पासून वारंवार जिंकलेल्या या विजेतेपदामुळे.

पशुपालनावर व कपाशीवर जगणाऱ्या पश्चिम टेक्सासमधील गावांत शाळेचा पट घटणे म्हणजे गाव ओसरत असल्याची खूण असते. प्रथम अकरांचा संघ जातो आणि सहांचा येतो. मग शेजारच्या शाळेशी विलीनीकरणाची भाषा सुरू होते. फुटबॉल टिकला तर शाळा टिकेल आणि शाळा टिकली तर गाव टिकेल, अशी तेथील लोकांची धारणा असते. ती सर्वस्वी खरी नसेल. पण शुक्रवारी संध्याकाळी सारे गाव मैदानाच्या कडेला का जमते, ते तिच्यावरून समजते.

आता बाद फेरीकडे वळू या. प्रत्येक श्रेणीतील शाळा जवळ-जवळच्या शाळांच्या गटांत वाटल्या जातात. प्रथम गटातील साखळी सामने, नंतर गटविजेत्यांची बाद फेरी, असा मूळचा क्रम होता. बाद फेरीत बरोबरी चालत नाही, आणि टेक्सासने कित्येक दशके जादा वेळ खेळविण्याचा मार्गही पत्करला नाही. त्याऐवजी प्रतिपक्षाच्या वीस यार्डांच्या रेषेआत कोणी अधिक वेळा मुसंडी मारली, हे मोजत. तेही समसमान झाले, तर चार प्रयत्नांतील दहा यार्ड कोणी अधिक वेळा पुरे केले, हे पाहत. या हिशेबाचा सर्वांत गाजलेला बळी म्हणजे ॲबिलीन शाळा. प्रशिक्षक चक मोझर यांच्या हाताखाली तिने १९५४ पासून ओळीने ४९ सामने जिंकले होते. १९५७ च्या उपांत्य सामन्यात डॅलसजवळच्या हायलंड पार्क शाळेशी तिची २०-२० अशी बरोबरी झाली, आणि मुसंड्यांच्या मोजणीवर हायलंड पार्क पुढे गेली. धावफलकानुसार ॲबिलीन हरली नव्हती. तरीही तिचा हंगाम संपला.

१९८२ पासून गटातील उपविजेत्यालाही बाद फेरीत प्रवेश मिळू लागला. त्यामुळे अन्याय कमी होईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो पहिल्या व दुसऱ्या क्रमांकाच्या सीमेवरून दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या सीमेवर सरकला. १९८८ मध्ये ओडेसाची पर्मियन, मिडलंड ली आणि मिडलंड हाय या तीन शाळा आपल्या गटात समान ठरल्या. जागा दोनच होत्या. अखेर मध्यरात्रीनंतर, मालमोटारी थांबण्याच्या एका महामार्गावरील ठिकाणी, दूरदर्शनच्या कॅमेऱ्यांसमोर तिन्ही प्रशिक्षकांनी नाणी उडविली आणि मिडलंड हाय बाहेर पडली. त्या हंगामावर एच. जी. बिसिंजर यांनी लिहिलेले ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ हे पुस्तक १९९० मध्ये प्रसिद्ध झाले आणि नाणेफेकीची ती रात्र देशभर पोचली.

पर्मियनचा प्रवास उपांत्य सामन्यात डॅलसच्या कार्टर शाळेने थांबविला. कार्टरने विजेतेपदही मिळविले. परंतु १९८४ च्या कायद्यानुसार एकाही विषयात शंभरापैकी सत्तर गुणांखाली गेलेल्या विद्यार्थ्यास ठराविक काळ खेळण्याची बंदी होती, आणि कार्टरच्या एका खेळाडूच्या बीजगणिताच्या गुणांवरून वाद पेटला. सामने न्यायालयाच्या आदेशांच्या आधारे चालू राहिले. १९९१ मध्ये विजेतेपद काढून घेऊन ते पराभूत अंतिम स्पर्धक कन्व्हर्स जडसन शाळेस देण्यात आले. बहुसंख्य कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या या शाळेला एवढ्या काटेकोरपणे का तपासले गेले, हा प्रश्न डॅलसमध्ये पुढे दीर्घकाळ विचारला जात राहिला.

उपविजेत्यापाठोपाठ गटातील तिसरा संघ आला आणि मग चौथाही. आता ६ए श्रेणीतील ३२ गटांमधून प्रत्येकी चार, म्हणजे १२८ संघ बाद फेरीत येतात. त्या चारांतील पटाने मोठे दोन पहिल्या उपश्रेणीत आणि लहान दोन दुसऱ्या उपश्रेणीत जातात. प्रत्येक उपश्रेणीत सहा फेऱ्या, आणि सहा श्रेणींच्या मिळून बारा राज्य-विजेत्या शाळा. साखळीत अर्ध्याहून अधिक सामने हरलेला संघही बाद फेरीत दिसतो, अशी टीका होते, आणि ती निराधार नाही. उलट बाजूने असे म्हणता येईल, की नोव्हेंबरातला एक जादा सामना गावासाठी आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी पुष्कळ मोलाचा असतो. तिकिटांच्या उत्पन्नाचा विचारही या विस्तारामागे असतो, हे मात्र कोणी फारसे बोलून दाखवीत नाही.

इतर राज्यांनी नुसत्या पटसंख्येवर विसंबणे सोडले आहे. इंडियाना राज्यात बास्केटबॉलसाठी १९९७ पर्यंत श्रेणीच नव्हत्या. १९५४ मध्ये १६१ विद्यार्थ्यांच्या मायलन शाळेने तिच्याहून कितीतरी मोठ्या मन्सी सेंट्रलचा ३२-३० असा पराभव केला, त्या स्मृतीच्या बळावर ती पद्धत टिकून राहिली. त्याच राज्याने २०१२ मध्ये ‘यशाचा निकष’ आणला: दोन वर्षांत ठरलेल्या प्रमाणाबाहेर यश मिळविणारी शाळा पट न वाढताही वरच्या श्रेणीत ढकलली जाते. इलिनॉयने २००५ मध्ये, ज्या शाळांना प्रवेशासाठी वस्तीची हद्द नाही अशा मोठ्या, मुख्यतः खाजगी, शाळांचा पट १.६५ ने गुणण्याचे ठरविले. कारण पाचशे मुले वेचून घेणारी शाळा आणि हद्दीतील सर्व पाचशे मुले घेणारी शाळा एकसारखी नसते. मिनेसोटाने तर दारिद्र्याचीच गणना केली. सवलतीचे भोजन मिळणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी शेकडा ४० तेथे श्रेणी ठरविताना पटातून वजा करतात. ज्या मुलाला शाळेनंतर कामावर जावे लागते, ते मैदानावर येण्याचा संभव कमी असतो, एवढे साधे सत्य त्यामागे आहे.

टेक्सासने यांपैकी काहीच स्वीकारलेले नाही. वरच्या श्रेणीला छत नाही आणि खालच्या श्रेणीला तळ नाही. ॲलन या शहराने लोकसंख्या वाढत गेली तरी एकच हायस्कूल ठेवले. तिचा पट पाच हजारांच्या पलीकडे गेला, आणि २०१२ मध्ये तिच्यासाठी सुमारे सहा कोटी डॉलर खर्चून अठरा हजार आसनांचे क्रीडागार उभे राहिले. तीही ६ए मध्ये, आणि सव्वादोन हजारांची शाळाही ६ए मध्येच. सधन हायलंड पार्कने २०१६ ते २०१८ अशी सलग तीन वर्षे ५ए चे विजेतेपद मिळविले, तेव्हा पालकांची सांपत्तिक स्थिती हजेरीपटावर लिहिली जात नाही, याची अनेकांना आठवण झाली. तरीही लीगच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागते. पट कोणालाही मोजता येतो आणि कोणालाही पडताळून पाहता येतो. गुणक आणि वजावट आली की त्यांचे प्रमाण कोणी ठरवावे, हा वाद सुरू होतो, आणि तो सहसा मोठ्या आवाजाच्या शाळाच जिंकतात.

नवी विभागणी फेब्रुवारीच्या आरंभी जाहीर होते. त्या सकाळी प्रशिक्षक आपापल्या प्रदेशातील शिक्षण-सेवा केंद्रांत जमतात. नवे गट हाती पडले की प्रथम अंतरे मोजली जातात. एल पासोच्या शाळेला बाद फेरीत ओडेसाकडील संघाशी गाठ पडली, तर एका बाजूचे ४५० किलोमीटर बसने जावे लागते. मग गटाबाहेरील रिकाम्या शुक्रवारांसाठी प्रतिस्पर्धी शोधण्याची घाई होते. दुपारपर्यंत दोन वर्षांचे वेळापत्रक बहुतेक भरते, आणि ज्याचा एखादा शुक्रवार मोकळा राहिला तो प्रशिक्षक घरी परतल्यावरही दूरध्वनी करीत असतो.