गावची विहीर आणि पाण्याची शुद्धता
(इयत्ता पाचवी ते सातवीच्या वर्गांसाठी पाठ व परिसर-अभ्यास)

शाळा उघडल्यावर पहिले दोन-चार जोराचे पाऊस झाले की खेड्यातील हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. पेरणीची धांदल हे त्याचे एक कारण असते. परंतु तेवढेच नसते. कोणाला हगवण लागलेली असते, कोणाला उलट्या होत असतात, कोणाचे डोळे काविळीने पिवळे झालेले असतात. हजेरीपटात ‘आजारी’ एवढीच नोंद होते. त्या आजाराचे मूळ पुष्कळदा गावच्या विहिरीत असते आणि विहिरीतील दोषाचे मूळ विहिरीबाहेर, गोठ्यात, उकिरड्यात व शेतात असते. हे नाते मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयास लावणे, हा या पाठाचा हेतू होय.

पाठाच्या अखेरीस विद्यार्थ्यांना तीन गोष्टी समजल्या पाहिजेत : (1) निर्मळ दिसणारे पाणी निर्दोष असतेच असे नाही, (2) पाण्यातील काही दोष उकळल्याने नाहीसे होतात, तर काही उकळल्याने उलट वाढतात, (3) म्हणून पाणी बिघडल्यावर ते सुधारण्यापेक्षा बिघडू न देणे हाच खरा उपाय होय.

विहिरीत पाणी कोठून येते?

पाठाचा आरंभ ह्या प्रश्नाने करावा. बहुतेक मुले ‘झऱ्यातून’ असे उत्तर देतील. झऱ्यात कोठून येते, असे पुढे विचारावे. झऱ्याचे पाणी म्हणजे जमिनीत मुरलेले पावसाचेच पाणी, हे मुलांच्या ध्यानी आले की अर्धा पाठ झाला.

महाराष्ट्राच्या सुमारे चार-पंचमांश भूमीखाली काळा पाषाण आहे. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत पाणी वाळूच्या जाड थरांतून सावकाश झिरपते व पुष्कळसे गाळले जाते. काळ्या पाषाणात तसे घडत नाही. वरच्या मातीचा व मुरुमाचा थर ओलांडला की पाणी खडकाच्या भेगांतून व सांध्यांतून वाहते, आणि भेग गाळणीचे काम करीत नाही. माती उथळ असेल तेथे वरची घाण थोड्या दिवसांतच विहिरीत उतरू शकते. ‘जमिनीत मुरले म्हणजे शुद्ध झाले’ ही समजूत आपल्या प्रदेशात तरी फसवी आहे, हे शिक्षकांनी स्पष्ट करावे.

पाणी दूषित होण्याची कारणे

कारणांची लांबलचक यादी पाठ करवून घेऊ नये. त्यांचे दोन वर्ग पाडावेत.

पहिला वर्ग जिवंत दोषांचा. माणसांची विष्ठा, जनावरांचे शेण व मूत्र यांतून रोगजंतू पाण्यात जातात. उघड्यावरील शौच, विहिरीला खेटून असलेला शौचालयाचा खड्डा, काठावर धुतली जाणारी गुरे व कपडे, जमिनीवर ठेवून तसाच आत सोडलेला पोहरा, फुटका कठडा, आणि ओट्याला उतार नसल्याने पुन्हा विहिरीतच शिरणारे सांडपाणी ही त्याची नित्याची कारणे होत. पटकी, हगवण, विषमज्वर व कावीळ हे त्यांचे परिणाम होत.

दुसरा वर्ग विरघळलेल्या दोषांचा. हे डोळ्यांना दिसत नाहीत, जिभेला बहुधा कळत नाहीत आणि नाकालाही जाणवत नाहीत. त्यांत प्रमुख आहे नायट्रेट. युरियाच्या 45 किलोच्या पोत्यात सुमारे 20.7 किलो नत्र असते. जमिनीतील सूक्ष्म जीव त्याचे रूपांतर नायट्रेटमध्ये करतात. पिकाची मुळे त्यातील काही भाग घेतात. उरलेले नायट्रेट मातीच्या कणांना चिकटून राहात नाही, पाण्याबरोबर खाली उतरते. मोठ्या पावसाच्या तोंडावर एकदम टाकलेले खत अशा रीतीने पिकाला न लाभता विहिरीला लाभते. शेतकऱ्याचा पैसा जातो आणि पाणीही जाते. मात्र सर्व दोष रासायनिक खताच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. उघड्या उकिरड्यातून व गोठ्यातून झिरपणाऱ्या मूत्रातूनही तेच नायट्रेट तयार होते.

ह्याच वर्गात कीटकनाशके येतात. फवारणीचा पंप ओढ्यात किंवा विहिरीच्या काठी धुणे, उरलेले औषध नाल्यात ओतणे, रिकामे डबे बांधावर टाकून देणे ह्या सवयींमुळे विष थेट पाण्यात जाते.

परिणाम

जंतूंमुळे होणाऱ्या रोगांची माहिती मुलांना घरच्या अनुभवावरून असतेच. तेथे एकच गोष्ट निक्षून सांगावी : हगवणीत रोगी दगावतो तो मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ (लहान, चहाचा चमचा) घालून केलेले पाणी रोग्यास थोडेथोडे पाजीत राहावे आणि दवाखाना गाठावा. सहावीतील मूलही हे करू शकते, आणि आईबाप शेतावर असताना घरच्या धाकट्या भावंडाचा जीव त्याने वाचू शकतो.

नायट्रेटचा परिणाम निराळा आहे. अमेरिकेतील आयोवा प्रांतात डॉ. कॉम्ली ह्यांनी 1945 मध्ये शेतांवरील विहिरींचे पाणी मिसळून दूध पाजलेल्या तान्ह्या मुलांची हकीगत प्रसिद्ध केली. त्या मुलांची कांती निळसर पडली होती. नायट्रेटचे शरीरात रूपांतर होऊन रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते. सहा महिन्यांच्या आतील बालकांना हा धोका सर्वाधिक असतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असू नये. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, वरचे पाणीसुद्धा देऊ नये, ह्या नियमाचे महत्त्व येथे सहज पटवून देता येईल.

नदीनाल्यांवर होणारा परिणाम थोडक्यात सांगावा. खताचा अंश पाण्यात गेला की शेवाळ व जलपर्णी माजतात. ती कुजू लागली की पाण्यातील प्राणवायू संपतो व मासे मरतात.

प्रात्यक्षिके

*प्रयोग पहिला : घमेल्यातील विहीर.* एका घमेल्यात ओली वाळू भरावी. मध्यभागी दोन्ही तोंडे उघडी असलेला लहान डबा तळापर्यंत रोवून आतील वाळू काढून घ्यावी. ही झाली विहीर. घमेल्याच्या एका कडेस शाईत भिजविलेला कापूस ठेवावा. हा झाला उकिरडा. त्या बाजूवर झारीने हळूहळू पाणी शिंपडावे. हा झाला पाऊस. थोड्या वेळाने विहिरीतील पाण्यास शाईचा रंग चढलेला दिसेल. नंतर वाळू बदलून उकिरडा दूर ठेवावा, घमेले विहिरीकडून उकिरड्याच्या बाजूस थोडे कलते करावे, आणि पुन्हा प्रयोग करावा. फरक मुलांनीच सांगावा.

*प्रयोग दुसरा : गाळणे व उकळणे.* दोन पेले घ्यावेत. एकात गढूळ पाणी व दुसऱ्यात पिण्याच्या स्वच्छ पाण्यात विरघळविलेले मीठ असावे. दोन्ही पाणी स्वच्छ, चौपदरी फडक्यांतून वेगवेगळे गाळावे. गढूळ पाण्यातील काडीकचरा व बराचसा गाळ फडक्यावर राहील. मिठाचे पाणी मुलांना चाखावयास द्यावे (गढूळ पाणी चाखू देऊ नये). ते खारटच लागेल. आता तेच मिठाचे पाणी शिक्षकांनी निम्मे होईपर्यंत उकळावे व गार झाल्यावर थेंबभर चाखावयास द्यावे. ते अधिक खारट झालेले असेल.

येथे पाठाचा गाभा आहे. म्हणून घाई करू नये. मीठ जसे फडक्यातून गेले व उकळल्याने वाढले, तसेच नायट्रेटचे होते. उकळल्याने जंतू मरतात, तुरटीने किंवा निवळीच्या बीने गाळ बसतो, टीसीएल पावडरने जंतुनाश होतो. परंतु ह्यांपैकी एकाही उपायाने नायट्रेट जात नाही. मग ते कसे टाळावे? मुलांनी थोडा वेळ विचार करावा. ‘येऊच देऊ नये’ हे उत्तर त्यांच्याकडून आले तर ते कायमचे लक्षात राहील.

परिसरभेट

पुढील तासाला वर्ग विहिरीवर न्यावा. बरोबर एखादा जाणता ग्रामस्थ असावा. कोणीही कठड्यावरून वाकू नये व औषधाच्या रिकाम्या डब्यांना हात लावू नये, ही ताकीद आधीच द्यावी. मुलांनी आपले पाऊल मीटरपट्टीने मोजून घ्यावे आणि उकिरडा, गोठा, शौचालयाचा खड्डा व सांडपाण्याचे डबके विहिरीपासून किती अंतरावर आहेत ते पावलांनी मोजून वहीत नकाशा काढावा. हे अंतर निदान 15 मीटर असावे असे मानतात. मात्र खडकाळ, भेगाळ जमिनीत अंतराइतकाच उतारही महत्त्वाचा असल्याने नकाशावर उताराची दिशा बाणाने दाखवावी.

तो बाण पुरा झाला की एक गोष्ट आपोआप उघड होते. घाण उताराने वाहते. जो ती करतो तो, आणि जो ती पितो तो, हे बहुधा एकच नसतात. वरच्या आळीचे सांडपाणी खालच्या वस्तीच्या आडात उतरते. आपल्या अंगणातील व्यवस्था हा केवळ आपला खासगी प्रश्न नाही, हा नागरिकशास्त्राचा धडा ह्याहून सोप्या रीतीने शिकविता येणार नाही.

येथे एक पथ्य पाळावे. नकाशात ‘अमक्याचा उकिरडा’ असे लिहू देऊ नये. केवळ ‘उकिरडा 1’, ‘उकिरडा 2’ असे लिहावे. ज्याच्या घरचा गोठा विहिरीजवळ आहे ते मूलही वर्गातच बसलेले असते. त्याची मान खाली गेली तर पाठ फसला असे समजावे. बहुतेक घरांना दुसरी जागाच नसते; तेथे दोष दाखविण्यापेक्षा उपाय सुचविणे श्रेयस्कर.

उपाय

घरी करावयाचे उपाय : सांडपाण्यासाठी विहिरीपासून दूर शोषखड्डा किंवा परसबाग, पाण्याच्या भांड्यावर झाकण व पाणी काढण्यास ओगराळे, पावसाळ्यात पाणी गाळून व उकळून पिणे.

शेतावर करावयाचे उपाय : माती परीक्षण करून गरजेपुरतेच खत देणे, ते हप्त्याहप्त्याने व मुळांजवळ देणे, मोठ्या पावसाच्या आधी न देणे, फवारणीचे डबे तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतून पिकावर फवारणे. उघड्या उकिरड्याऐवजी जमिनीवर बांधलेल्या हौदात खत करण्याची पद्धत पुसदचे ना. दे. पांढरीपांडे ह्यांनी रूढ केली. त्यांच्या नावावरूनच ती ‘नाडेप’ म्हणून ओळखली जाते. तिने खतातील सत्त्वही वाचते.

गावाने करावयाचे उपाय : विहिरीला पक्का कठडा, बाहेर उतार असलेला ओटा व दूर नेलेली नाली; पावसाळ्यापूर्वी व नंतर पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी; आणि नियमित शुद्धीकरण. विहिरीत, ओढ्यात दूषित द्रव्य जाणूनबुजून सोडण्यास 1974 च्या जलप्रदूषण कायद्याने मनाई आहे, हेही सांगावे.

शुद्धीकरणाचे गणित वर्गात करून घ्यावे. विहिरीचा व्यास 5 मीटर व पाण्याची खोली 4 मीटर असेल, तर पाणी 3.14 × 5 × 5 × 4 ÷ 4 = 78.5 घनमीटर, म्हणजे 78,500 लिटर होते. ताज्या, चांगल्या टीसीएल पावडरचे सामान्य मान 1000 लिटरला 2.5 ग्रॅम धरले, तर सुमारे 196 ग्रॅम पावडर लागेल. पाणी गढूळ असेल किंवा पावडर जुनी असेल तर मात्रा वाढते. म्हणून प्रत्यक्ष काम जलसुरक्षकाने आरोग्यसेवकाच्या सल्ल्याने करावे. पावडर बादलीत कालवून चुना तळाशी बसू द्यावा, वरची निवळी तेवढी विहिरीत मिसळावी व निदान एक तास पाणी काढू नये.

नारूचे उदाहरण

‘एवढ्याने काय होणार?’ असा प्रश्न मुले घरून घेऊन येतील. त्यांना नारूची हकीगत सांगावी. हातभर लांबीचा, कधी त्याहूनही लांब असा हा जंत रोग्याच्या पायातून बाहेर पडे. आग शमविण्यासाठी रोगी पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवी, तेव्हा जंताच्या अळ्या पाण्यात सुटत. त्या सूक्ष्म जलपिसवा गिळत, आणि ते पाणी जो पिई त्याच्या शरीरात सुमारे वर्षाने नवा नारू तयार होई. महाराष्ट्रातील गावेही ह्या रोगाने ग्रासलेली होती. त्यावर लस नव्हती व गुणकारी औषधही नव्हते. 1983-84 पासून देशभर मोहीम चालली. पाणी फडक्याने गाळणे, रोग्याने पाण्यात न उतरणे, पायऱ्यांच्या विहिरींऐवजी सुरक्षित विहिरी व हातपंप, पाण्यातील जलपिसवांचा नाश, हेच तिचे उपाय होते. भारतातील शेवटचा रोगी जुलै 1996 मध्ये नोंदला गेला आणि फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरविला. आज वर्गातील एकाही मुलाने नारू पाहिलेला नाही. त्यांच्या आजोबांनी कदाचित पाहिला असेल. त्यांना विचारून येण्यास सांगावे.

स्वाध्याय

1. उकळल्याने पाण्यातील कोणता दोष जातो व कोणता जात नाही? कारण द्या.
2. काळ्या पाषाणाच्या प्रदेशात विहीर लवकर दूषित का होते?
3. आपल्या विहिरीच्या पाण्याचे माप काढा व लागणारी पावडर ठरवा.
4. घरातील वडील माणसांना नारूविषयी विचारून दहा ओळी लिहा.
5. वर्गाने काढलेल्या नकाशांतील उत्तम नकाशा निवडून तो ग्रामसभेपुढे ठेवा.

शेवटचा स्वाध्याय शिक्षकांनी स्वतःचा समजावा. नकाशा भिंतीवर लावून ठेवला तर तो शोभेची वस्तू होतो. ग्रामसभेत दाखविला तर त्यावर बोलणे भाग पडते. पुढील वर्षी त्याच महिन्याचा हजेरीपट उघडून मागील वर्षाच्या हजेरीपटाशी ताडून पाहावा. पाठ कितपत उतरला, त्याची परीक्षा तेथेच होईल.